ओट्या-ओट्याने कन्याकुमारी

१९७९ साली, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हिंगणघाटात हमरस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, कन्याकुमारीला निघालेल्या यात्रेच्या बसमधून माझ्या मोठ्या बहिणीला उचलून खाली ठेवण्यात आलं. ती चाकाच्या खुर्चीवर असते. बसमध्ये तिची जागा ठरलेली होती, खिडकीजवळची, आणि तिच्या बाजूची माझी. आमच्या दादाने तिला पाठीवर घेऊन आत बसवलं होतं. खुर्ची टपावर बांधून झाली होती. मागच्या सीटवरच्या बाईंनी आमच्या डब्यातल्या पुऱ्या मागून घेऊन खायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात यात्रा काढणारा व्यापारी आत आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुम्ही समजदार आहा. जागोजागी चढ-उतार हाये, बाकीच्या लोकाईची खोटी होईन. पुढच्या साली पाहू."

"मी नाई उतरत," ताई म्हणाली.

त्याने मागे पाहून मान हलवली. क्लीनरने तिच्या काखेत हात घातले, दुसऱ्या एकाने पाय धरले, आणि साखरेचं पोतं उतरवतात तसं तिला उतरवलं. मी ओरडत होते. बस भरलेली होती, सगळे गावचेच, रोज आमच्या दुकानातून मीठ-मिरची नेणारे. एकानेही तोंड उघडलं नाही. खुर्ची टपावरून खाली आली, बस गेली. पुऱ्यांचा डबा बसबरोबरच गेला.

 घरी आल्यावर ताई एवढंच म्हणाली, "हात लावायच्या आधी विचारलं नाई."

आमचं किराण्याचं दुकान गावाबाहेर, नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून आहे. एकोणीस वर्षांची असताना ताई कापसाने भरलेल्या बंडीवरून पडली. तेव्हापासून तिच्या कमरेखाली जीव नाही. दादा शेती पाहतो, ताई दुकान पाहते. समोर ट्रक थांबतात. पंजाबी, तेलंगी, मद्रासी ड्रायव्हर बिडी, साबण आणि खोबऱ्याचं तेल घ्यायला येतात, आणि त्यांच्याशी बोलता-बोलता ताई तिन्ही भाषांत भाव करायला आणि शिव्या ओळखायला शिकली. हाच रस्ता थेट कन्याकुमारीपर्यंत जातो आणि तिथे समुद्रापाशी संपतो, हे तिला एका मद्रासी ड्रायव्हरने सांगितलं होतं. दहा वर्षं ती त्या रस्त्याच्या कडेला बसून होती. तिला त्याचं दुसरं टोक पाहायचं होतं. बस्स. देव नाही, नवस नाही.

मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते आणि एका युवक संघटनेत पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. बस गेली त्याच आठवड्यात मी पत्रक लिहून सायक्लोस्टाइल करून आणलं. ताईने ते तागडीत ठेवलेल्या गुळाच्या ढेपीवर टेकवून वाचलं.

"ही 'असहाय अबला' कोण हाये वो?"

"तू."

"मी? मी सकाळपासून पोतंभर साखर तोलली. आन हे 'नियतीने जिचे पंख छाटले'? मले पंख कधी होते?"

"ताई, लोकांना चीड आली पाहिजे."

"येऊ दे चीड. पण या कागदावर बसून मी कन्याकुमारीले पोचीन का, ते सांग."

मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता. चीड येऊन तिची बस परत येणार नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दोघी जायचं कसं, यावर बोलायला लागलो. ते बोलणं पुढची दिवाळी जवळ येईपर्यंत चाललं.

पहिल्यांदा आम्ही तेच केलं जे आमच्याकडे कोणीही करतं: वाटेतल्या सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकली. आमच्याकडे पाहुण्याच्या गावावरून त्याच्या घरी न उतरता पुढे जाणं म्हणजे भांडण काढणं. पांढरकवड्याला आत्या, आदिलाबादला मावशी, हैदराबादला दादाचे साडू. त्यापुढे कोणी नव्हतं, पण साडूंच्या ओळखीने निघेल, असा हिशोब. उत्तरं सगळ्यांची आली, सगळी प्रेमाची. आत्याने लिहिलं, जरूर या, पण पोरीला त्रास होईल. मावशीने लिहिलं, जरूर या, पण घराला सात पायऱ्या आहेत, आणि परसाकडे विहिरीला वळसा घालून जावं लागतं. साडूंचं घर तिसऱ्या माळ्यावर होतं.

ताईने तिन्ही कार्डं वाचली आणि म्हणाली, "म्हणजे उचलायचंच हाये मले. फक्त उचलणारे आपले."

तिची अट त्या दिवशी ठरली. कोणीही उचलायचं नाही. ती जिथे जाईल तिथे खुर्चीने, चाकांवर जाईल. उचलायची वेळ आलीच तर फक्त माय उचलेल, कारण मायला तिची कंबर कशी धरायची ते कळतं. ही अट मी पत्रकात टाकली असती तर लोक म्हणाले असते, मिजास पाहा. मी उलट विचारते. तुम्हाला कोणी न विचारता काखेत धरून रस्त्यावर ठेवलं असतं, तर तुम्ही किती जणांना पुन्हा हात लावू दिला असता?

मग घरं बाद झाली, धर्मशाळा बाद झाल्या. गाडी बदलायची नाही, उतरायचं कमी, झोपायचं आतच. थोडक्यात, घरच सोबत न्यायचं.

आमच्या मामाचा ट्रक होता. हंगामात तो हिंगणघाटच्या जिनातून कापसाच्या गाठी भरून खाली मद्रासकडच्या गिरण्यांना नेत असे, म्हणजे रस्ता त्याच्या पायाखालचा. कापूस संपला की लग्नसराई, वऱ्हाडं. पावसाळ्यात विटा नि रेती. ट्रक मोकळा कधी असतो, असं मी विचारलं तेव्हा तो डोकं खाजवून म्हणाला, "पितरपाखात. तवा ना लगन, ना मुहूर्त, ना नवा कापूस. कुत्रं इचारत नाई."

"मग पितरपाखात जाऊ," ताई म्हणाली.

माय चुलीपाशी होती. तिथूनच ओरडली, "पितरपाखात कोणी गाव सोडते का वो? डोकं हाये का ठिकाणावर?"

"पितरं सोडते ना त्यायचं गाव. त्यायले चालते, मले काऊन नाई?"

मामा एवढा हसला की त्याचा चहा सांडला. तिथे तो आमच्या बाजूला आला. ट्रक द्यायला तयार झाला, चालवायलाही. त्याची एकच अट: घटस्थापनेच्या आत परत. नंतर कापसाचे सौदे सुरू होतात.

आता कामाला लागायचं होतं. ट्रकला चढायचं कसं, हा पहिला प्रश्न. दादाने दोन लांब फळ्या आणून ट्रकच्या मागच्या फाळक्याला, म्हणजे खाली पाडता येणाऱ्या दाराला, टेकवल्या. दुकानासमोरच प्रयोग केला. ट्रकची उंची छातीइतकी, फळ्या कमी लांब, उतार असा की बकरीसुद्धा विचार करेल. खुर्चीत आम्ही सरकीचं पोतं ठेवून ढकललं. अर्ध्यावर गेलं आणि सुसाट मागे आलं. दादा बाजूला उडाला. खुर्ची दुकानात घुसून तेलाच्या पिंपावर आदळली. रस्त्यावरचे दोन सरदारजी ट्रक थांबवून पाहत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं झालं मी पोतं नाई," ताई म्हणाली.

ओट्याची गोष्ट तिलाच सुचली. पिंपाचं तेल पुसत असताना समोरून गाठी भरलेला ट्रक गेला. "ह्या गाठी कशा चढते मामा?" तिने विचारलं. "ओट्यावरून," मामा म्हणाला. जिनात, मार्केट यार्डात, मालधक्क्यावर सगळीकडे दगडी ओटा असतो, ट्रकच्या तळाइतका उंच. ट्रक मागे घेऊन ओट्याला लावायचा, फाळका पाडायचा, गाठ सरळ लोटायची. ओट्यावर जायला एका बाजूने उतार असतो, कारण हमालांच्या हातगाड्या तिथून येतात.

ताई म्हणाली, "मंग मी गाठीसारखी जाईन."

त्या दिवसापासून दुकानाच्या फळ्यांवर खडूने रस्ता काढायला सुरुवात झाली. आमचं दुकान जुन्या पद्धतीचं, रात्री उभ्या फळ्या लावून बंद करायचं. ताईने एकेका फळीवर एकेक मुक्काम लिहायचा ठरवला, आणि थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला बिडीच्या आधी विचारायची: कर्नूलला ओटा कुठे आहे? चांगला आहे का? रात्री फाटक उघडं असतं का? पाणी? संडास? ड्रायव्हर आधी चक्रावायचे, मग भांडायचे. एक म्हणायचा गुत्तीचा मालधक्का बरा, दुसरा म्हणायचा तिथे उतार तुटलेला आहे, अनंतपूरला जा, शेंगदाण्याच्या गोदामात. एका तेलंगी ड्रायव्हरने खडू हातात घेऊन कामारेड्डीचं गुळाचं मार्केट असं काढलं की फाटकावरचं कुत्रंही काढलं. ते कुत्रं नंतर आम्हाला खरंच भेटलं. काढलं होतं त्यापेक्षा मोठं होतं.

मी या सगळ्यात काय करत होते? मी ट्रकला लावायला कापडी फलक रंगवत होते: "प्रवास हा आमचा हक्क आहे." ताईने पाहिलं आणि विचारलं, "मी का मोर्चा आहो?" फलक गेला. त्याचं कापड नंतर संडासच्या पडद्याला वापरलं, उलटी बाजू बाहेर करून. मला ते आजही पटलेलं नाही. फलक असता तर रस्त्यावरच्या हजारोंनी वाचला असता.

संडासाबद्दल लिहिते, कारण कोणी लिहीत नाही, आणि सगळा प्रवास तिथेच अडतो. आमच्या भागात बाया अंधारात शेताकडे जातात. चाकाची खुर्ची नांगरलेल्या रानात जात नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासात अशी बाई काय करते? पाणी पीत नाही. ताईने सांगितलं, त्या बसच्या आदल्या दिवशी दुपारपासून ती घोटभरही पाणी प्यायली नव्हती. ही तयारी करून ती बसली होती आणि तिला उतरवलं. सुताराकडून आम्ही एक लाकडी खुर्ची करून घेतली, बसायच्या जागी भोक, खाली झाकणाची बादली. पलंग फळ्यांचा, बरोबर तिच्या चाकाच्या खुर्चीइतका उंच, म्हणजे हातांच्या जोरावर तिला इकडून तिकडे सरकता येईल. सुताराने पाय दोनदा कापले तेव्हा जमलं. ट्रकच्या हादऱ्यांनी बसून-बसून जखमा होतात, म्हणून खुर्चीवर हवा भरलेली रबरी ट्यूब आणि वर नव्या कापसाची गादी. पाण्याचं पिंप, स्टोव्ह, ताडपत्रीचं छत. खुर्चीची चाकं बांधायला ट्रकच्या तळाला कड्या ठोकल्या.

सगळं झाल्यावर ताईला जिनातल्या ओट्यावरून पहिल्यांदा आत नेलं. मुनीम चष्मा वर करून बघत होता. "माल काय हाये?" त्याने सवयीने विचारलं.

"एक नग," ताई म्हणाली. "वजन नाई सांगत."

आत जाऊन ती बसली आणि म्हणाली, "हे नाई चालत." आम्ही तिची खुर्ची मागच्या बाजूला, फाळक्याजवळ बांधली होती. वारा चांगला, उतरायला सोपं. तिथून तिला फक्त मागे पडलेला रस्ता दिसणार होता. "तो रस्ता तं मी पाहूनच राह्यली दहा वर्सं. मले पुढचा पाह्यचा हाये." मग केबिनच्या मागे डाव्या कोपऱ्यात जागा केली, बाजूच्या दोन फळ्या काढल्या. तिथून तिरकं पाहिलं की पुढचा रस्ता दिसत होता.

राहिला प्रश्न शेवटचा. दुकानाच्या सगळ्या फळ्या भरल्या होत्या, मदुराईची गिरणी, तिरुनेलवेलीचं तांदळाचं गोदाम, सगळं होतं. पण कन्याकुमारीला ओटा कुठे आहे, हे एकाही ड्रायव्हरला सांगता येईना. तिथे कोणी माल नेतच नाही. तिथे माणसं जातात, आणि माणसांसाठी ओटा बांधलेला नाही. हे वाक्य मी तेव्हा लिहून ठेवलं आणि आजपर्यंत दोन पत्रकांत वापरलं.

मामा म्हणाला, "इतकं काय त्यात? बैल कसे चढवतो आम्ही? रस्त्याच्या बाजूला बांध पाह्याचा, ट्रकची मागची चाकं खड्ड्यात घालाची. फाळका बांधाले लागला का झालं, बैल चालत जाते."

"बैल काऊन म्हणता मामा? म्हैस म्हणा."

"म्हैस पाय झाडते. तू बैल बरी."

वडकीच्या पुढे एका बांधावर आम्ही ते करून पाहिलं. पहिल्यांदा ट्रक तिरपा लागला, दुसऱ्यांदा बरोबर. ताई फाळक्यावरून बांधावर, बांधावरून पळसाच्या झाडाखाली गेली, आणि तिथून आम्हाला हाका मारत बसली. गेल्या दहा वर्षांत ती रस्ता सोडून कुठल्या झाडाखाली गेली नव्हती. आम्ही तिला बराच वेळ बसू दिलं.

सगळं तयार झालं आणि मग मायने मोडता घातला. बाबा अष्टमीला गेले होते, म्हणजे पितरपाखात त्यांचं पान अष्टमीला. माय म्हणाली, अष्टमी होईपर्यंत कोणीही घर सोडायचं नाही. अष्टमी म्हणजे पंधरवड्याचं मधोमध. त्यानंतर निघालं तर घटस्थापनेच्या आत कन्याकुमारी करून येणं शक्य नव्हतं. फार तर कर्नूलपर्यंत जाऊन परतावं लागलं असतं. आणि पुढच्या वर्षी मामा ट्रक देईल, याचा काही भरवसा नव्हता. तो बदलून मोठी गाडी घ्यायच्या बेतात होता.

मी मायशी भांडले. सांगून ठेवते, चांगलीच भांडले. "पिंड दादा ठेवतो, पाणी दादा सोडतो, भटजी दादाचं नाव घेतो. ताईचं तिथे काम काय? तिचं नावसुद्धा कोणी घेत नाही!"

"सैपाक कोण करते? वडे कोण करते?" माय म्हणाली. "ह्याच पोरीनं केलेले वडे कावळा शिवते. मागच्या साली ती तापानं पडली, मी केले, तं दुपार झाली तरी एक कावळा आला नाई."

हे खरं होतं. आम्ही सगळे अंगणात उपाशी उभे होतो. शेवटी दादाने कावळ्याला शिवी दिली होती.

 ताई म्हणाली, "माय, तू चाल सोबत."

"मी?"

"वडे मी ट्रकातच करतो. पान तिथंच ठेवू. घरी दादा ठेवीन त्याचं, वहिनी करीन सैपाक. आन मले उचलाची पाळी आली तं तुह्याशिवाय कोणाले येते?"

"चालत्या गाडीत पितर? लोक तोंडात शेण घालतीन."

"लोकाईनं मले रस्त्यावर ठेवलं, तवा कुठी होते लोक?"

माय उठून पाणी भरायला गेली. मला वाटलं, संपलं.  दादाने तर ट्रकातून स्टोव्ह काढून परत घरात आणला. तिसऱ्या दिवशी मामा मायला समजवायला आला तेव्हा ती अंगणात उडीद निवडत होती.

"बाई, तिकडंही कावळे असतेच," मामा म्हणाला.

"ते मले सांगू नोको. उखळ बसते का गाडीत, ते सांग. ह्या पोट्टीले पाट्यावर वाटलेलं आवडत नाई."

स्टोव्ह परत ट्रकात गेला. उखळही गेलं.

अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिनाच्या ओट्यावरून निघालो. माय, ताई, मी, आणि पुढे मामा. क्लीनर नव्हता, ते काम मी केलं. डिझेलची तेव्हा टंचाई होती, पंपापंपावर रांगा. मामाने दोन पिंपं आधीच भरून ठेवली होती आणि त्यांच्या वासाने मायला पैनगंगा येईपर्यंत मळमळत होतं.

प्रवासाचं सगळं सांगत नाही. पांढरकवड्याला आत्या शिडी लावून ट्रकात चढली, चहा प्यायली, आणि "आमच्या घरापेक्षा इथंच बरं हाये वो" म्हणून उतरेना. आदिलाबादला मावशीने सात पायऱ्या उतरून डबा आणून दिला. जेवढे ओटे फळ्यांवर लिहिले होते, त्यातले दोन खोटे निघाले. एके ठिकाणी ओटा होता पण फाटक बंद, चौकीदार म्हणाला, माल असेल तर उघडतो. ताईने तेलुगूत त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्याने फाटक उघडलं आणि कानाला हात लावला. दुसऱ्या ठिकाणी बांध शोधावा लागला, तर दिवे घेऊन आजूबाजूचे शेतकरी आले. त्यांना वाटलं, आम्ही चोरीचे बैल उतरवतोय.

पाणी ती रोज पोटभर प्यायली. एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

अष्टमीला आम्ही मदुराईच्या पुढे एका सूतगिरणीच्या ओट्यावर होतो. ताईने पलंगाला पाठ टेकून वडे केले, कढी केली. केळीचं पान तिथल्या एका हमालाच्या बायकोने आणून दिलं. तिला आम्ही खुणांनी सांगितलं की कोणाचं तरी जेवण आहे, आणि तिला लगेच समजलं. पान ओट्याच्या कडेला ठेवलं. माय हात जोडून उभी होती, ओठ हलत होते. कावळा आला, वडा घेऊन गेला. मग आणखी चार आले आणि आपसांत भांडायला लागले. माय म्हणाली, "भूक लागली असन. इतक्या दूर आले." तिने डोळे पुसले, आणि आम्हाला जेवायला वाढलं.

कन्याकुमारीला मामाने ट्रक फिरवून-फिरवून एक वाळूचा उंचवटा शोधला आणि त्याच्या पायथ्याच्या खोलगटात मागची चाकं घातली. फाळका जेमतेम टेकला. आजूबाजूला बघ्यांची गर्दी झाली. तिघे-चौघे मदतीला पुढे आले, हात पुढे करून. मी आडवी उभी राहिले. ताई त्यांना त्यांच्या भाषेत "थांबा" म्हणाली, ते थांबले. ती स्वतः चाकं ढकलत खाली गेली. वाळूत चाकं रुतली तेव्हा तिने वळून त्यांच्यातल्या एकाला खुर्चीचा मागचा दांडा दाखवला आणि सांगितलं, हा धर. त्याने दांडा धरला. तिला कोणी हात लावला नाही. तो मागून ढकलत, ती चाकं फिरवत, दोघांनी मिळून खुर्ची पाण्यापर्यंत नेली. तिचे पाय ओले झाले. तिला ते कळलं नाही, म्हणून तिने वाकून हात लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि आम्हीही हलवलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही परत आलो.

त्या व्यापाऱ्याच्या बसमधून गेलेले लोक आता दुकानात येऊन ताईला विचारतात, समुद्र कसा होता. ती म्हणते, तुम्ही पाहून आले ना, तुम्हीच सांगा. पुढच्याच वर्षी अपंगांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं. जिल्ह्याच्या एका सभेला ताईला सत्कारासाठी बोलावलं. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. ती खालीच बसली, हार वरून खाली आला. मी तिथेच पत्रकं वाटली. यावेळी विशेषणं नव्हती, ताईने आधीच काढली होती.

नंतर लोक तिच्याकडे यायला लागले, रस्ता विचारायला. समुद्रपूरचे एक रिटायर गुरुजी आले. पक्षाघाताने त्यांचा डावा पाय उचलत नाही. त्यांना कन्याकुमारी नको होती. त्यांना हिंगणीला मुलीकडे जायचं होतं, तीन वर्षांपासून. बस दारावरून जाते. बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर आहे, एवढीच अडचण. तीन वर्षं त्यांनी मुलीचं घर पाहिलं नव्हतं, एका पायरीसाठी.

ताईने विचारलं, "गुरुजी, तुमचे शिकवलेले पोट्टे गावात किती हायेत?"

"सगळंच गाव," गुरुजी म्हणाले.

"त्यायले सांगा, थांब्यावर एक बंडी मुरूम टाका. बसच्या पायरीइतका उंच, एका बाजूनं लांब उतार. आन ड्रायव्हरले सांगा, तिथं लावत जाजो."

टाकला. त्याच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी हिंगणीला गेले. आता त्या उतारावरून बाळंतिणी चढतात, म्हातारे चढतात, दुधाचे कॅन चढतात. त्यासाठी कोणाची सही लागली नाही.

तुमच्या गावातही कोणीतरी असं आहे. बसच्या पायरीमुळे घरात बसलेलं, आणि तुम्ही त्याला ओळखता. आधी त्याच्या घरी जा आणि विचारा, कुठे जायचं आहे. मग येत्या रविवारी तुमच्या थांब्यावर मुरमाची एक बंडी आणून ओता, पाणी मारा, धुमसाने ठोका. वर्गणी, ठराव, उद्घाटन, कशाचीही वाट पाहू नका. फावडं तुमच्या घरात आहे. काढा.